आराखड्याआधीच विचारायला हवं

‘रहिवाशांना विचारत बसलं की भिंतीवरच्या चित्राची खिचडी होते,’ हे मत मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९८४ साली ग्राफिटीविरोधी, म्हणजे भिंतींवर विनापरवानगी रंगवण्याविरुद्ध, मोहीम सुरू झाली. चित्रकार जेन गोल्डन यांनी अशी ग्राफिटी करणाऱ्या मुलांच्याच हाती ब्रश दिले. आज तिथे हजारो भित्तिचित्रं आहेत. चित्रकार आधी वस्तीच्या बैठकांना बसतो, मग आराखडा काढतो. पुढची पद्धत तर फारच सुंदर! चित्राचे भाग पातळ कापडावर आखून त्यांत रंगांचे क्रमांक टाकतात. शाळकरी पोरांपासून आजीबाईंपर्यंत कुणीही टेबलाशी बसून ते रंगवतं, परांचीवर चढावंच लागत नाही. नंतर ते कापड भिंतीवर चिकटवतात. आपल्याकडे मात्र उड्डाणपुलाचे खांब रंगवताना खालच्या भाजीवाल्यांनाही कुणी विचारत नाही. पहिली बैठक त्यांच्याबरोबरच घ्या ना!