मदत हवी आहे: घर सोडताना कार्पेट काढून न्यावं का? (तातडीचं)

रेडिंगकर_बाप्या
मंडळी, थोडक्यात विचारतो, वेळ नाही. पुढच्या शुक्रवारी घर सोडतोय. तीन वर्षांपूर्वी लाउंज आणि वरच्या दोन खोल्यांत नवीन कार्पेट घातलं, ८० टक्के लोकर, सगळं मिळून २,३०० पौंड गेले. काढून न्यावं की सोडावं? बायको म्हणते सोड. मी म्हणतो का म्हणून? सामान हलवणाऱ्यांना आज संध्याकाळपर्यंत यादी द्यायची आहे. ज्यांनी खरंच काढून नेलंय त्यांनी सांगा.

कोथरूडची_सई
अहो, यात विचारायचं काय! गुंडाळायचं, दोन्ही टोकांना सुतळी बांधायची आणि टेम्पोत टाकायचं. आम्ही बावधनला आलो तेव्हा सासूबाईंचा काश्मिरी गालिचा असाच आणला. गुंडाळताना आत डांबरगोळ्या टाका.

रेडिंगकर_बाप्या
सईताई, तो अंथरायचा गालिचा. हे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बसवलेलं असतं. इंग्लंडात आहे मी, लिहायचं राहिलं.

लेस्टरची_मावशी
आधी हे सांग, घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर घरमालकाचं जुनं कार्पेट कुठे गेलं? आमच्या शेजारच्या पोरांनी त्याचं जुनं टिपवर (कचरा डेपोत) टाकलं, जाताना आपलं नवं काढून नेलं, आणि डिपॉझिट गेलं ते गेलंच. उघड्या फळ्या ठेवून जाता येत नाही बाबा.

रेडिंगकर_बाप्या
मावशी, स्वतःचं. विकलंय.

कायदा_थोडाफार
मग बिनधास्त न्या. १९९६ साली कोर्ट ऑफ अपीलने बॉथम विरुद्ध टीएसबी बँक खटल्यात हेच ठरवलंय. कर्जापायी बँकेने फ्लॅट ताब्यात घेतला आणि आतल्या वस्तू कुणाच्या यावरून भांडण झालं. किचनची कपाटं, बाथरूमचे नळ हे घराचा भाग. पण फिटेड कार्पेट आणि पडदे घराचा भाग नाहीत. खिळ्याने अडकवलेलं असलं तरी ते सहज निघतं आणि त्याने इमारतीत भर पडत नाही. म्हणजे तुमचं ते तुमचंच.

ब्रिस्टल_व्हाया_बाणेर
साहेब, अर्धीच गोष्ट सांगताय. आपसात काही ठरलं नसेल तर हा नियम. पण इकडे घर विकताना टीए१० नावाचा फॉर्म भरतात. खोलीगणिक, वस्तूगणिक, काय ठेवणार आणि काय नेणार. त्यात कार्पेटचा वेगळा भाग आहे. एक्स्चेंज झालं, म्हणजे दोन्ही बाजूंनी सह्या केलेले करार एकमेकांना दिले, की तो फॉर्म कराराचा भाग होतो. धागाकर्ते, 'विकलंय' म्हणजे नक्की काय? एक्स्चेंज झालंय की नुसती ऑफर? आणि फॉर्ममध्ये काय लिहिलंय?

कायदा_थोडाफार
मी मूळ तत्त्व सांगितलं. फॉर्मचं मला माहीत आहे.

ब्रिस्टल_व्हाया_बाणेर
माहीत होतं तर 'बिनधास्त' कशाला लिहिलंत?

हातोडी_आणि_चहा
कायद्याचं चालू द्या. मी एमएस्सी करताना दोन वर्षं दर शनिवारी एका कार्पेट बसवणाऱ्याच्या हाताखाली राबलोय, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा: मापं काय? जुन्या खोलीचं आणि नव्या खोलीचं, दोन्ही. बे विंडो, म्हणजे भिंतीबाहेर काढलेली खिडकी, आहे का? जिन्यावरचं पण नेणार आहात का? जिन्याचं नेणार असाल तर विषयच संपला, ते पायरीपायरीने कापून ठोकलेलं असतं.

रेडिंगकर_बाप्या
जिना नाही. लाउंज ४.८ बाय ३.६ मीटर, बे विंडो आहे. नव्या घराचं लाउंज ५.१ बाय ३.४. बेडरूम मोजल्या नाहीत, साधारण तेवढ्याच असतील.

हातोडी_आणि_चहा
साधारण तेवढ्याच म्हणजे नाही बसणार. कार्पेट कापून लहान होतं, मोठं करता येत नाही. रुंदीत २० सेंटीमीटर जास्त आहे ते कापाल, पण लांबीत ३० कमी पडतंय. जोड द्यायचा तर खालून टेप लावून गरम इस्त्रीने चिकटवतात, पण तुकड्याची लव त्याच दिशेला हवी. उलट पडली की उन्हात तो पट्टा वेगळ्याच रंगाचा दिसतो. त्यात तुमच्या कार्पेटला बे विंडोच्या आकाराचे कान आहेत. माझं ऐका, लाउंजचं सोडा, बेडरूमचं नीट मोजून ठरवा.

आणि काढायचंच झालं तर कोपऱ्यातून, पकडीने, लव चिमटीत धरून वर ओढा. कडेने लाकडी पट्ट्या असतात, त्यांना वर तोंड केलेले खिळे असतात. बोटं घालू नका.

रेडिंगकर_बाप्या
बोटं घालून झाली. आत्ताच दारामागचा कोपरा उचलून बघितला. अंगठ्याला दोन भोकं पडली. खाली जांभळ्या रंगाचा फोम आहे, त्याच्यावर आमच्या जुन्या सोफ्याच्या पायांचे चार खड्डे अजून तसेच. फोमपण नेता येतो का?

घाटकोपर_ते_ग्लासगो
स्कॉटलंडमध्ये वेगळं असतं. इथे एक्स्चेंज नसतंच, दोन्ही सॉलिसिटर पत्रं लिहितात, त्याला मिसिव्ह म्हणतात. तुम्ही स्कॉटलंडमध्ये असाल तर हे लागू.

रेडिंगकर_बाप्या
माझं नाव वाचा हो.

शिंका_येतात
लोकरीचं आहे म्हणालात म्हणून लिहिते. सोफ्याखाली आणि भिंतीच्या कडेला, जिथे व्हॅक्यूम पोचत नाही, तिथे नीट बघा. बारीक पांढऱ्या नळ्या किंवा टक्कल पडलेले डाग दिसले तर कसर आहे. तिच्या अळ्या लोकर खातात. असं कार्पेट नव्या घरी न्याल तर कपाटातल्या शालींपर्यंत पोचतील. माझं स्वतःचं मत, कार्पेट हवंच कशाला? लॅमिनेट टाका. पुसलं की झालं.

लेस्टरची_मावशी
लॅमिनेटवर थंडीत पाय ठेवून बघ एकदा. माझे गुडघे ६८ वर्षांचे आहेत.

शिंका_येतात
मावशी, सपाता घालायच्या.

ब्रिस्टल_व्हाया_बाणेर
अवांतर: फ्लॅट असेल तर लॅमिनेटच्या आधी लीज वाचा. पावलांचा आवाज खाली जातो म्हणून कार्पेट हवंच, असं बऱ्याच लीजमध्ये असतं. माझ्या वरच्या मजल्यावरचा माणूस पहाटे ५ ला व्यायाम करतो, मला विचारा.

मूळ मुद्दा: धागाकर्ते, फॉर्म!! एक्स्चेंज!!

रेडिंगकर_बाप्या
एक्स्चेंज मागच्या सोमवारी झालं. फॉर्म म्हणजे ते लांबलचक यादीवालं प्रकरण? नोव्हेंबरमध्ये बायकोने भरलं, मी सही केली. आत्ता ईमेलमध्ये सापडलं. कार्पेटच्या पानावर लाउंज, बेडरूम १, बेडरूम २, सगळीकडे 'समाविष्ट'वर खूण आहे.

लेस्टरची_मावशी
म्हणूनच ती 'सोड' म्हणतेय रे राजा! तिला आठवतंय, तुला नाही.

ब्रिस्टल_व्हाया_बाणेर
मग प्रश्नच उरला नाही. आता नेलंत तर कराराचा भंग. घेणारा नव्या कार्पेटचे पैसे मागू शकतो. त्याला हवंच नसेल तर तुमच्या सॉलिसिटरकडून त्याच्या सॉलिसिटरला विचारा आणि 'नको' असं लेखी घ्या. शेजारधर्माने तोंडी विचारू नका.

कायदा_थोडाफार
हे बरोबर आहे. (बॉथमही बरोबर आहे.)

हातोडी_आणि_चहा
एक कळत नाहीये. तीन वर्षं वापरलेलं, नव्या खोलीत न बसणारं कार्पेट, काढायची मजुरी, वाहायची मजुरी, परत बसवायची मजुरी. एवढा अट्टहास कशासाठी? लाउंजचा गुंडाळा एकट्यालाच दोन माणसं लागतील उचलायला.

रेडिंगकर_बाप्या
सांगतो. ज्यांचं घर आम्ही घेतोय तो म्हातारा त्याची सगळी कार्पेटं काढून नेतोय! शनिवारी पडदे मोजायला गेलो तर वरच्या खोल्यांत नुसत्या फळ्या. तो नेणार आणि आम्ही मात्र आमचं सोडून जायचं? पोरगी रांगतेय, तिला फळ्यांवर सोडू? आईपण मार्चमध्ये पुण्याहून येतेय.

ब्रिस्टल_व्हाया_बाणेर
आत्ता कळलं. बरं, त्याच्या टीए१० मध्ये काय आहे? तुम्हाला त्याची प्रत आली असणार.

रेडिंगकर_बाप्या
बघितली. 'वगळलेलं'वर खूण, आणि बाजूच्या किमतीच्या रकान्यात ६०० पौंड. म्हणजे हवं असेल तर ६०० ला विकत घ्या. आता आठवतंय, एजंटने फोन केला होता, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, वापरलेल्या कार्पेटचे ६००? ने म्हणावं घेऊन.

लेस्टरची_मावशी
😂😂

कोथरूडची_सई
म्हणजे त्याने विचारलं होतं, तुम्हीच नाही म्हणालात?

रेडिंगकर_बाप्या
हो. हसा.

हातोडी_आणि_चहा
हसून झालं. आता कामाचं. म्हाताऱ्याने खिळ्यांच्या पट्ट्या फळ्यांवर तशाच ठेवल्यात का? असतील तर उखडू नका, नवीन कार्पेटला त्याच कामी येतील. पण पोरगी रांगतेय म्हणता, तर कार्पेट बसेपर्यंत त्या खोल्यांची दारं बंद ठेवा. ते खिळे आधी अंगठ्याला लागले, मग गुडघ्याला लागतील. आणि फोम जुना मागू नका, फोम नवीनच घ्या, सगळी गंमत त्यात असते. बसवणाऱ्याला आजच फोन करा, लोक दोन-दोन आठवडे थांबायला लावतात.

शिंका_येतात
किंवा लॅमिनेट.

रेडिंगकर_बाप्या
दोन ठिकाणी फोन केले. एकाने घर बदलल्यानंतरच्या बुधवारी दुपारी वरच्या दोन खोल्या करून देतो म्हणून सांगितलं, लाउंज नंतर. तोवर आम्ही तिघं लाउंजमध्ये गाद्या टाकून. यादीतून कार्पेट काढलं. बायकोला अजून सांगितलं नाहीये की फॉर्म सापडला. सगळ्यांचे आभार, ग्लासगोवाल्यांचेपण.

कोथरूडची_सई
आईंना येताना सोलापुरी सतरंजी आणायला सांगा. दोन आणल्या तर लाउंज झाकेल.

घाटकोपर_ते_ग्लासगो
एक राहिलं. दिवे नेताय का? फॉर्ममध्ये त्याचंही आहे, झुंबर काढलं तर जागी वायर, होल्डर आणि बल्ब लावून जायचं असतं. आमच्याकडे एकाने होल्डरसकट नेलं होतं, पहिली रात्र आम्ही मोबाइलच्या उजेडात पोळ्या खाल्ल्या.

रेडिंगकर_बाप्या
दिवे... थांबा, फॉर्म परत उघडतो.