रविवारची मराठी शाळा लेकीला सोडू द्यावी का?

एडिसनची_आई:
माझी लेक तेरा वर्षांची, जन्म इथलाच, न्यू जर्सीतला. सहा वर्षं मराठी शाळेत गेली. बाराखडी येते, जोडाक्षरांना अडखळते. गेल्या महिन्यात म्हणाली, "आता नाही जायचं." मी हो म्हटलं. नवऱ्याला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथे विचारते.

मागच्या उन्हाळ्यात सांगलीला गेलो होतो. ती म्हणाली, "आजी, मला भूक लागला." सगळं घर हसलं. प्रेमानंच हसलं, पण त्यानंतर तीन आठवडे ती कुणाशी मराठीत बोलली नाही. आणि इकडे दर रविवारी सॉकरची मॅच अर्धी टाकून यायची, त्यामुळे कोच तिला सुरुवातीला उतरवतच नाही. दोन्हीकडे ती अर्धीच. एक जागा तरी तिला पुरती मिळू दे, असं मला वाटतं.

सनीव्हेलचा_बाबा:
ताई, मला हे पटत नाही. गणित नको म्हणाली तर सोडू द्याल का? तेराव्या वर्षी भाषा सुटली की परत धरणं फार अवघड. कॅलिफोर्नियात २०११ च्या कायद्यापासून दोन भाषा येणाऱ्या मुलांच्या हायस्कूल डिप्लोमावर तशी मोहोर मिळू शकते. म्हणजे इथलं सरकार दुसऱ्या भाषेला किंमत देतं आणि आपण ती सॉकरपायी सोडायची?

शिकागोत_वाढलेली:
मी ती मुलगी आहे, फक्त आता एकतीस वर्षांची. आमच्याकडचं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचं. गणपतीत मी लेझीम खेळले, नाटकात जिजाऊ झाले, सगळे संवाद पाठ. पण अर्थ? निम्मा कळायचा नाही. अकराव्या वर्षी आईनं शाळा सोडू दिली.

रत्नागिरीची आजी शेवटच्या आजारात रात्रभर बोलत असायची आणि मी उशाशी बसून फक्त हात धरू शकले. ती काय सांगत होती ते मला अजून माहीत नाही. आईवर माझा राग नाही. पण दादा, "माझा आवडता पक्षी" हा निबंध दहा वेळा लिहूनही मला ते कळलं नसतं.

एच४_चं_घर:
ताई, तुमची मुलगी अमेरिकेची नागरिक आहे. माझा मुलगा पाचव्या वर्षी आला, आज सतरा वर्षांचा आहे. रोजगाराच्या ग्रीन कार्डात एका देशाला वर्षाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग हलता हलत नाही. एकवीस पूर्ण झाली की त्याचा आमच्यावर अवलंबून असलेला एच-४ व्हिसा संपतो. मग विद्यार्थी व्हिसा, नाहीतर परत. परत म्हणजे पुण्याला, जिथली बसवरची पाटी त्याला वाचता येत नाही. त्याला वारसा वगैरे पुढे कळेल, आज मला त्याच्या हाती शिदोरी द्यायची आहे. आमच्याकडे मराठी शाळा बुडत नाही.

एडिसनची_आई:
भाऊ, तुमच्या जागी मीही पाठवलंच असतं. हा विचार मी केला नव्हता.
पण माझ्या लेकीची अडचण वर्गात नाही, त्या हसण्यात आहे. सासूबाईंना मी स्पष्ट सांगितलं. त्या रडल्या. आता रोज रात्री साडेआठला, तिथं सकाळ असते तेव्हा, दोघी फोनवर बोलतात. कुणी चूक काढायची नाही. परवा लेकीनं थालीपीठ कसं थापायचं ते विचारलं. व्याकरण चुकलं, थालीपीठ जमलं.

सनीव्हेलचा_बाबा:
हे छान केलंत, मनापासून सांगतो. तरी माझं म्हणणं तेच आहे. फोनवर बोली टिकेल, लिपी जाईल. माझ्या वडिलांची पत्रं ट्रंकेत आहेत, माझ्या मुलानं ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावीत हे मला सहन होणार नाही. तो रविवारी जातो, कुरकुरत जातो, पण जातो.