मदत हवी आहे : सेकंडहँड कपड्यांत टिकणारं आणि चांगलं दिसणारं कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. पुढच्या महिन्यात नवीन नोकरी सुरू होतेय आणि तिथे रोज नीट आवरून जावं लागणार. इतकी वर्षं घरून काम होतं, त्यामुळे कपाटात टीशर्ट आणि ट्रॅकपँट सोडून फारसं काही नाही. नव्या कपड्यांच्या दुकानांत दोनतीन चकरा मारल्या पण जे परवडतं ते हातात घेतलं की पातळ, दोन धुण्यांत मान टाकेल असं वाटतं आणि जे आवडतं त्याच्याकडे बघायचंही बजेट नाही. म्हणून ठरवलंय की सेकंडहँडच घ्यायचं. मला त्यात कमीपणा वाटत नाही, जुन्या कोटाचं कापड हाताला जसं भरीव लागतं तसं आता नव्यात मला परवडणाऱ्या किमतीत मिळतच नाही.

अडचण ही की वर्षभरात तीनदा पैसे वाया गेलेत. पहिल्यांदा एक गडद निळा ब्लेझर घेतला, दुकानात एकदम मस्त दिसत होता, पहिल्याच ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे आले, भिंतीचा रंग ओलीने फुगतो ना तसे, आणि ते इस्त्रीनेही बसत नाहीत. मग जीन्स, ट्रायल रूममध्ये अगदी मापात होती पण दोन तास घातली की गुडघ्यांना पिशव्या येतात आणि कंबर खाली सरकत राहते. तिसरं म्हणजे काळं लेदरचं जॅकेट, महिन्याभरात त्याचे पापुद्रे निघायला लागले आणि शर्टाच्या कॉलरला काळा भुसा. तिन्ही वेळा मला विकणाऱ्याने खोटं सांगितलं असं नाही, वस्तू माझ्या हातात होती आणि काय बघायचं तेच मला कळत नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटतं.

तर विचारायचं हे की दुकानात उभं असताना नेमकं काय तपासता, शिंप्याकडे नेऊन काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही, आणि थोड्याच कपड्यांत रोज वेगळं आणि जरा स्टायलिश कसं दिसायचं? साधारण आठदहा कपडे जमवायचेत, अल्टरेशनचा खर्चही त्याच पैशांत बसवायचाय.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं अल्टरेशनची कामं करतेय म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या तिन्ही वस्तू मी रोज बघते.

ब्लेझरच्या पुढच्या भागात कापडाच्या मागे एक थर असतो, त्याने छाती आणि कॉलर ताठ राहते. पुष्कळ ब्लेझरमध्ये हा थर उष्णतेने चिकटवलेला असतो, त्याला फ्युजिंग म्हणतात. ड्रायक्लीनचं केमिकल आणि वाफ लागून लागून तो चिकटपणा सुटतो आणि सुटलेल्या जागी फुगा येतो. एकदा सुटलं की कायमचं बसवता येत नाही, त्यावर पैसे घालवू नका. दुकानात ब्लेझर उजेडाकडे तिरका धरायचा, समोरून फुगा दिसत नाही पण तिरक्या उजेडात बारीक लाटा लगेच कळतात. मग खालच्या काजाच्या आसपास बाहेरचं कापड एका हाताच्या चिमटीत आणि आतली बाजू दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हलकेच वेगळं करायचं. मधे तिसरा थर सुटा फिरताना लागला तर तो टाक्यांनी बसवलेला कॅनव्हास, असा ब्लेझर मिळाला आणि खांदे बसले तर सोडू नका.

खांदे. हे मी दहादा सांगेन. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे. कंबरेत आवळता येतं, उंची कमी करता येते, पँटचा घेर कमी होतो, हे सगळं साधं काम आहे. पण खांदा उतरवायचा म्हणजे बाही काढा, मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, नव्याने कापा, अस्तर उसवा, परत सगळं बसवा, एवढ्या मजुरीत दुसरा ब्लेझर येईल आणि तरी मूळचा डौल राहीलच असं नाही. तसंच मोठ्याचं लहान होतं, लहानाचं मोठं व्हायला आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, सोडलेली लागते. म्हणून कपडा उलटा करून शिवणी बघायच्याच. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत बोटभर माया असेल तर कंबर थोडी सोडता येते, नसेल तर विषय संपला. आणि उसवून सोडलेल्या जागी जुन्या शिवणीची रेघ आणि न विटलेला पट्टा दिसू शकतो, गडद रंगात जास्त.

जीन्सचं म्हणाल तर ताणणारा धागा, म्हणजे इलॅस्टेन, मेलेला होता. इलॅस्टेन असलेली जीन्स गुडघ्याशी दोन्ही हातांनी ताणा आणि सोडा. झटकन मागे आली तर ठीक, लाटा राहिल्या किंवा बारीक पांढरे रबरासारखे धागे बाहेर डोकावत असले तर ठेवून द्या. निव्वळ सुती जाड जीन्स घातल्यावर सैलावते पण धुतली की पुष्कळशी परत आवळते, सेकंडहँडमध्ये मी तीच घ्यायला सांगते. आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला हात घालून उजेडासमोर धरा, कापड तिथेच आधी विरतं.

जॅकेट लेदरचं नव्हतंच बहुतेक. कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो, तो हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो, नुसता कपाटात टांगून ठेवला तरी. खऱ्या लेदरची कापलेली कड तंतूतंतूंची दिसते आणि मागची बाजू मखमलीसारखी लवदार असते. कॉलरची घडी आणि कोपर नखाने हलकेच दुमडून बघा, बारीक चिरा दिसल्या की पुढे पापुद्रेच.

प्रतिसाद

साइजच्या आकड्यावर अजिबात जाऊ नका. प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा आणि जुन्या काळातला आकडा तर आजच्याशी जुळतच नाही. मी घरून निघताना मला सगळ्यात नीट बसणारा शर्ट आणि पँट जमिनीवर पसरून मापं घेते, काखेपासून काखेपर्यंत, खांदा, बाही, कंबर, आणि पँटची आसनाची उंची, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंत, आणि ती फोनमध्ये लिहून ठेवते. पर्समध्ये टेप असतोच. ऑनलाइन घेतानाही विकणाऱ्याला हीच मापं विचारते, शिवाय दिवसाच्या उजेडात काखेचा, कॉलरच्या आतला आणि लेबलचा फोटो मागते. टाळाटाळ केली तर मी पुढे जाते.

धागाकर्ती

केवढं लिहिलंत, मनापासून आभार! काल रात्री त्या ब्लेझरची चिमूट करून बघितली, आत सुटं काहीच नाही, म्हणजे चिकटवलेलाच होता. अजून एक राहिलं, वास आणि डाग. एक सुंदर पांढरा सुती शर्ट बघून ठेवलाय पण काखेत पिवळट आहे. आणि लोकरीच्या कपड्यांना कसर लागलेली असेल तर घरातल्या बाकी कपड्यांनाही लागेल का?

प्रतिसाद

काखेतलं पिवळं हे घाम आणि डिओमधलं ॲल्युमिनियम यांचं मिळून असतं. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतू नका, पिवळं आणखी गडद होतं. पांढऱ्या सुती कापडाला सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनवालं ब्लीच, कोमट पाण्यात घालून काही तास भिजवा, बऱ्यापैकी निघतं. लोकर आणि रेशमाला मात्र ते लावायचं नाही. डागाची जागा बोटाला कडक, पापडासारखी लागली तर तंतू खराब झालाय, डाग गेला तरी पुढे तिथे फाटेल, तेव्हा आधी बोट लावून बघा.

कसर लागू शकते, हो. किडीच्या अळ्या लोकर, रेशीम, फर असं प्राण्यांपासूनचं खातात, निव्वळ सुती कपड्यांकडे सहसा जात नाहीत. आणलेला लोकरीचा कपडा घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवायचा आणि मगच कपाटात न्यायचा. हे मी दर वेळी करते, भोकं दिसोत न दिसोत. बारीक एखादं भोक रफू होतं, पण स्वेटर उजेडासमोर धरल्यावर चाळणीसारखा दिसला तर नको. डांबरगोळ्यांचा वास उशिरा जातो, वाऱ्यावर सावलीत आठवडाभर टांगून ठेवा. घामाचा वास पॉलिएस्टरमध्ये सुतीपेक्षा फार चिवट बसतो, म्हणून दुकानात काखेचा वास घ्यायला लाजू नका.

आणि लेबल वाचा! धुण्याच्या टबाच्या चित्रावर फुली म्हणजे पाण्यात घालायचं नाही, नुसता गोल म्हणजे ड्रायक्लीन. दर महिन्याला ड्रायक्लीन लागणारा कपडा स्वस्तात मिळाला तरी तो स्वस्त नाही. लोकरीच्या लडीसारखं वळणावळणाचं वूलमार्कचं चिन्ह १९६४ पासून आहे, ते लेबलवर दिसलं की मी थांबून बघतेच.

प्रतिसाद

स्टाइलबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून मी. आधी दोन मूळ रंग ठरवा, समजा गडद निळा आणि राखाडी, आणि पँट, ब्लेझर, कोट याच रंगांत घ्या, म्हणजे कशावरही काहीही जातं. मग शर्ट, स्कार्फमध्ये आवडेल तो रंग. मी दुकानात आधी रंग बघत फिरतच नाही, रांगेवरून नुसता हात फिरवत जाते आणि हाताला चांगलं लागलं तेवढंच बाहेर काढते, त्याने वेळही वाचतो. ब्रँडच्या रांगेपेक्षा पुरुषांच्या विभागात जा, शर्ट आणि स्वेटरचं कापड तिथे अनेकदा जाड असतं, जरा ढगळ शर्ट बाह्या दुमडून आत खोचला की छान दिसतो. बटणं बदला. हे फार साधं वाटेल पण प्लॅस्टिकची चकाकणारी बटणं काढून शिंपल्याची किंवा शिंगाची लावली की त्याच कोटाचा चेहरा बदलतो. आणि हिवाळ्याचा कोट उन्हाळ्यात शोधा, तेव्हा तो कुणाला नको असतो.

धागाकर्ती

आज चार तास फिरले, टेप घेऊन! सतरा कपडे बाजूला काढले आणि सगळे उलटे करून, उजेडाला धरून, ताणून बघितल्यावर तीनच उरले. एक राखाडी पँट, मागे भरपूर माया आहे. तो पांढरा शर्ट, काख अजून मऊ लागली म्हणून घेतला, आत्ता बादलीत भिजतोय. आणि एक लोकरीचा गडद निळा कोट, खांदे असे बसलेत की आरशासमोरून हलवेना. पण बाह्या दोन बोटं लांब आहेत आणि मनगटाशी चार चार बटणं आहेत. दुकानदार आठवडाभर ठेवतो म्हणालाय. घेऊ का?

प्रतिसाद

मी वर अल्टरेशनवाली. ताई, ती बटणं काजांतून उघडतात का बघा. काजं खरोखर कापलेली असतील तर बाही खालून कमी करता येत नाही, काज कडेला येतं, मग वर मुंढ्यातून उचलावी लागते आणि ते महागडं काम. नुसते टाके घालून वर बटणं बसवली असतील तर टाके उसवायचे, बाही दुमडायची, बटणं वर सरकवायची, अर्ध्या दिवसाचंही काम नाही.

धागाकर्ती

आत्ता कोटाचे फोटो मोठे करून बघितले, काजं कापलेली नाहीत, नुसती शिवण आहे! उद्या दुकान उघडायच्या वेळेला जाते, तिथेही एकदा हाताने बघते, आणि घरी आणला की आधी दोन आठवडे फ्रीझर.