कवटीच्या तळाची गाठ: ‘चाकू कशाला, किरणं आहेत ना!’

तिरकस:
कालपासून एक मजकूर भराभर पुढे ढकलला जातोय: “कवटीच्या तळाशी गाठ? ऑपरेशनवाले घाबरवतात. गॅमा नाइफ घ्या, संध्याकाळी घरी या, गाठ विरघळते.” गॅमा नाइफ म्हणजे खरा चाकू नव्हे, कवटी न उघडता गाठीवर नेमकी रोखलेली किरणं. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

विरघळत नाही हो! श्वानोमा (नसेच्या आवरणातली गाठ) आणि मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणातली गाठ) यांत किरणांचं काम वाढ रोखण्याचं. बऱ्याच गाठी काही वर्षांत थोड्या आकसतात, काही तेवढ्याच राहतात, आणि त्यालाच यश म्हणतात. वर पहिल्या वर्ष-दीड वर्षात गाठ फुगलेली दिसू शकते. माझ्या मेव्हण्याने तो एमआरआय बघून हाय खाल्ली आणि घाईने दुसरीकडे कवटी उघडून घेतली. किरणं दिलेली गाठ चेहऱ्याच्या नसेला चिकटून बसली होती. आजही त्याचा डावा डोळा मिटत नाही, रात्री पापणीला टेप लावून झोपतो. थांबला असता तर ओसरली असती का, आता कोण सांगणार?

आणि गाठ तीन सेंटिमीटरच्या वर गेली, मेंदूच्या देठाला रेटू लागली, की फुगणं परवडत नाही. तिथे चाकूच.

सव्वाशेर:
आले सर्जनांचे वकील! ज्याने हे शोधलं तो लेक्सेल न्यूरोसर्जनच होता. १९५१ साली कल्पना मांडली, १९६८ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये पहिलं यंत्र चाललं. तुमच्या मेव्हण्याला किरणांनी नाही, घाईने मारलं.

आईची मेनिंजिओमा डोळ्यामागच्या कॅव्हर्नस सायनस नावाच्या पोकळीत. मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी आणि डोळा हलवणाऱ्या नसा तिथूनच जातात. “सगळी काढायला गेलो तर डोळा जाईल,” हे सर्जनच म्हणाले. किरणं देताना डोकं हलू नये म्हणून ते बधिर करून चार स्क्रूंनी फ्रेम बसवली. संध्याकाळी स्क्रू काढले तेव्हा रक्ताचा एक ओघळ भुवईपर्यंत आला. नर्सने बोळा दाबून धरला, तर आई विचारते, “झालं? आत काही केलंच नाहीत की!” गाठ आजतागायत आहे तेवढीच आहे.

एककानी:
दोघंही कानाबद्दल चकार शब्द काढत नाही. माझा श्वानोमा श्रवणाच्या नसेवरचा. किरणं घेतली, गाठ गप्प बसली, पण ऐकणं वर्षागणिक उतरत गेलं. आज उजवा कान ठार.

सव्वाशेर:
दुसरा आहे ना? एका कानाने काय अडतं? कानामागून हाड कोरून ऑपरेशन केलं असतं तर त्याच दिवशी गेला असता.

एककानी:
काय अडतं? हाक कुठून आली ते कळत नाही. रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू येतो, दिशा लागत नाही. पंगतीत उजवीकडच्याला वाटतं मी शिष्ट आहे. बायको चालताना न सांगता डावीकडे येते, त्याचंही कधीकधी ओझं होतं. ज्याचे दोन्ही शाबूत त्याने ‘काय अडतं’ विचारू नये.

डोसवाली:
भांडणात आकडे राहिले. सुरुवातीला श्वानोमाच्या कडेला १६ ते २० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) देत. चेहरे वाकडे होऊ लागले तेव्हा १२-१३ वर आले, गाठ तरीही आटोक्यात राहिली. पण कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातला ऐकण्याचा शंख, गाठीला खेटून असते, तिच्यावर थोडा मारा होतोच. दृष्टीच्या नसेजवळ तर एका बैठकीत ८-१० ग्रेच्या वर जायला हात धजत नाही, म्हणून डोस पाच बैठकांत वाटतात.

@एककानी: २०२३ साली नॉर्वेतला प्रयोग प्रसिद्ध झाला. लहान गाठींचे १०० रुग्ण; निम्म्यांना लगेच किरणं, निम्मे नुसते एमआरआयवर. चार वर्षांनी पहिल्या गटात गाठी लहान, पण ऐकण्यात लक्षणीय फरक नाही. थांबलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना गाठ वाढल्यावर किरणं द्यावी लागली, निम्म्याहून जास्त उपचाराविनाच राहिले.

एककानी:
म्हणजे कान असाही जाणारच होता. वा, काय दिलासा! आभारी आहे.

सव्वाशेर:
एककानी, ‘काय अडतं’ मागे घेतो. तिरकसरावांसाठी काहीही मागे घेत नाही.

तिरकस:
कोणी मागितलंय? ‘विरघळते’वर तुमच्याकडे उत्तर नव्हतं, एवढं बघितलं लोकांनी.

नवखी:
मध्येच विचारते. बाबांची गाठ दीड सेंटिमीटर, ऐकू नीट येतं, तोलही ठीक. डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी परत एमआरआय. भांडून लगेच किरणं मागू का?

तिरकस:
भांडू नका. पुढच्या वेळी जुन्या एमआरआयची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्ट नको. मिलिमीटरचा फरक दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. मध्येच ऐकणं घटलं, तोंड बधिर वाटलं किंवा तोल जाऊ लागला तर सहा महिन्यांची वाट बघू नका.

सव्वाशेर:
याच्याशी सहमत. तिरकसराव, स्क्रीनशॉट काढून ठेवा, परत म्हणणार नाही.