स्विचच्या कन्सोल पोर्टला लॅपटॉप जोडलाय, पुट्टी (सिरीयल पोर्टवर कमांड टाइप करायचा प्रोग्राम) उघडतं पण काळ्या विंडोत काहीच येत नाही

संकेत_लॅब:
नमस्कार मंडळी, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सिस्कोचा जुना कॅटॅलिस्ट २९६० स्विच आहे, ज्यांनी सेटअप केला ते आता इथे नाहीत आणि स्विचचा आयपी कुणालाच माहीत नाही, म्हणजे कन्सोलवरूनच (नेटवर्कशिवाय थेट केबलने स्विच चालवायचा पोर्ट) आत जायला लागणार. लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नाही म्हणून यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर घेतला, आरजे४५ (लॅनसारखं कनेक्टर) ते डीबी९ (नऊ पिनांचं सिरीयल कनेक्टर) केबल रॅकमध्येच पडलेली होती ती लावली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम५ दिसतो, पिवळा त्रिकोण नाही. पुट्टीत सिरीयल, कॉम५, स्पीड ९६०० टाकून ओपन केलं तर नुसती काळी विंडो, एंटर मारूनही ढिम्म. ऑफिसचे आणि मुलांचे पीसी वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवरची वेगळी नेटवर्क) टाकायचेत, परीक्षेच्या आत झालं तर फार बरं होईल. कुठून बघायला सुरुवात करू?

तारांचा_राजू:
पुट्टीत डावीकडे सिरीयलवर क्लिक कर, तिथे फ्लो कंट्रोल एक्सऑन/एक्सऑफ असतो तो नन (None) कर. बाकी ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट, पॅरिटी नन. स्पीड चुकला असता तर बहुतेक वेळा कचरा अक्षरं दिसतात, तुला काहीच दिसत नाहीये म्हणजे मला तरी वायरिंगचा संशय येतोय. आधी कन्व्हर्टर तपास. केबल काढ, कन्व्हर्टरच्या डीबी९ च्या पिन २ आणि ३ एका छोट्या तारेने जोड आणि पुट्टीत काहीतरी टाइप कर. टाइप केलेलं स्क्रीनवर उमटलं तर कॉम पोर्ट, ड्रायव्हर, कन्व्हर्टर सगळं ठीक, मग ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसू नकोस.

मनाली_के:
रॅकमध्ये पडलेली केबल म्हणालात तिथेच मला शंका आली. आरजे४५ ते डीबी९ दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या जोडलेल्या केबल खूप असतात, यूपीएसच्या असतात, दुसऱ्या कंपन्यांच्या राउटरच्या असतात. मल्टीमीटर बीपवर ठेवून बघा, सिस्कोच्या केबलमध्ये आरजे४५ ची पिन ३ डीबी९ च्या २ ला जाते, ६ जाते ३ ला, आणि ४ व ५ दोन्ही ग्राउंड म्हणून डीबी९ च्या ५ ला. तसं नसेल तर ती फिकट निळी चपटी कन्सोल केबलच घ्या, महाग नसते. आणि साधी पॅच कॉर्ड (लॅनची वायर) लॅपटॉपच्या लॅन पोर्टातून कन्सोलला लावू नका, त्याने काही होत नाही, कन्सोल म्हणजे इथरनेट नाही, नुसतं कनेक्टर तसं आहे. उबुंटू असेल तर युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाकावं लागतं, नाहीतर परमिशनचा एरर येतो.

संकेत_लॅब:
राजूदादा, पिन जोडल्यावर अक्षरं उमटली. मनालीताई, तुमचा अंदाज बरोबर, मीटरवर ३ ते २ बीपच देत नाही, केबल यूपीएसची निघाली. निळी केबल आणून लावली, एंटर दाबल्याबरोबर प्रॉम्प्ट आला! खूप खूप आभार दोघांचे. पण आता पासवर्ड मागतोय आणि तो कुणाकडेच नाही.

तारांचा_राजू:
भारी! आधी जुन्या माणसाला फोन करून पासवर्ड विचार, कारण पुढच्या कामात स्विच बंद करायला लागतो आणि सगळ्या लॅबचं नेट जातं, सुट्टीच्या दिवशी कर. नाहीच मिळाला तर पॉवरची वायर काढून पुढचं मोड बटण दाबून धर आणि पॉवर दे, स्विच कोलन (switch:) असा प्रॉम्प्ट आला की बटण सोड. तिथे flash_init कमांड चालव, मग कॉन्फिग डॉट टेक्स्ट (config.text, सेव्ह केलेली सेटिंग) फाइलचं नाव रिनेम करून बदल आणि बूट कर. फाइल डिलीट करू नकोस! रिनेम केलेली फाइल नंतर परत जुन्या नावावर आणून रनिंग कॉन्फिगमध्ये (चालू सेटिंगमध्ये) कॉपी करता येते, मग नवा पासवर्ड टाकून सेव्ह कर, म्हणजे आधीची सेटिंग जात नाहीत. बूट झाल्यावर सेटअप डायलॉग विचारेल, तिथे नो म्हण.

मनाली_के:
आणि आत गेलात की शो रन (show run, चालू सेटिंग दाखवणारी कमांड) चा आउटपुट पुट्टीच्या लॉगिंगने टेक्स्ट फाइलमध्ये घेऊन ठेवा, त्यात कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनला आहे ते सगळं दिसेल. त्या फाइलची एक कॉपी हेडमास्तरांकडे द्या.