[मंडळ यादी] डिस्नेला चार वर्षांच्या मुलासाठी बाबागाडी न्यावी का?

प्रेषक: वैशाली (सध्या मुक्काम सासरी, चांदूर बाजार तालुका)

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरपासून आम्ही गावी आहोत. जानेवारीअखेर अमेरिकेला परत निघू, आणि या वेळी सासू-सासरे सोबत येताहेत. फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीत ऑर्लँडोला डिस्नेचा बेत ठरलाय. अर्णव सव्वाचार वर्षांचा आहे, ईरा दीड वर्षाची.

ईराची बाबागाडी आम्ही सोबत आणली. गावात ती ग्रामपंचायतीच्या सिमेंट रस्त्यावर छान चालते, पण वावराकडची पांदण लागली की पुढची छोटी जोडचाकं काळ्या मातीच्या ढेकळांत अडकतात. मग एका हातात गाडी आणि दुसऱ्या हातात ईरा. त्यामुळे ती बहुतेक वेळ ओसरीवरच उभी असते.

आता अर्णवसाठीही जागा हवी म्हणून जोडगाडी घ्यावी असं मी म्हटलं आणि घरात चर्चा सुरू झाली. सासूबाईंचं म्हणणं, "एवढ्या मोठ्या पोट्ट्याले गाडीत काहून बसवता? मी घेतो न कडेवर." त्यांचंही खोटं नाही. अर्णव इथे सकाळपासून खळ्यात, गोठ्यात, संत्र्याच्या बगीच्यात पळतो आणि दमत नाही. मामाजी (माझे सासरे) अजून काही बोलले नाहीत, ते ऐकून घेताहेत.

जे लहान मुलांना घेऊन जाऊन आलेत त्यांनी कृपया लिहा. चार वर्षांच्या मुलाला गाडी लागते का? आणि लागत असेल तर इथून न्यावी की तिथेच भाड्याने घ्यावी?

वैशाली

प्रेषक: दिलीपकाका

वैशाली, माझं मत स्पष्ट आहे. चालता येणाऱ्या मुलाला चालू द्यावं. आम्ही तिन्ही मुलांना घेऊन फिरलो, कुणालाही तीन वर्षांनंतर गाडीत बसवलं नाही. मुलांच्या पायात बळ यायला हवं असेल तर ते पाय वापरायला हवेत. अर्णव वावरात पळतो हे वाचून फार बरं वाटलं, ती सवय मोडू नये एवढंच सांगावंसं वाटतं.

प्रेषक: सुहास (ऑर्लँडोजवळ)

काका, तुमच्या मताचा आदर ठेवून वेगळं लिहितो. आमच्या घरी पाहुणे आले की पार्कात मीच सोबत असतो, त्यामुळे हे बरंच जवळून पाहिलंय.

अर्णव वावरात पळतो तेव्हा वाटेल तेव्हा थांबतो. धुऱ्यावर बसतो, पाणी पितो, डोळे मिटायला लागले की कुणाच्या तरी मांडीवर झोपतो. पार्कात हे जमत नाही. सावलीतले बाक भरलेले असतात, रांगेत बसता येत नाही, आणि आपण ज्या वेगाने पुढच्या राइडकडे निघतो तो मोठ्या माणसांचा वेग असतो. दिवसभरात सात-आठ मैल सहज होतात. डिस्नेच्या चार पार्कांपैकी एप्कॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, तो एक फेराच सव्वा मैलाच्या आसपास आहे. आणि मॅजिक किंगडम या दुसऱ्या पार्कला तुम्ही स्वतःची कार घेऊन गेलात तर पार्किंग आणि पार्क यांच्यामध्ये तळं आहे. मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे गेल्यावर खरं फाटक लागतं. सकाळी याचं काही वाटत नाही. रात्री आतषबाजी संपल्यावर सगळी गर्दी एकदम मेन स्ट्रीट या तिथल्या मुख्य रस्त्यावरून बाहेर निघते, तेव्हा चाळीस पौंडांचं झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन हा सगळा रस्ता उलटा करायचा असतो. चार-पाच वर्षांच्या मुलांचे आईवडील तिथे अक्षरशः रडकुंडीला आलेले मी पाहिलेत.

म्हणून वैशाली, माझं उत्तर: हो, अर्णवलाही जागा हवी. त्याने चालावं, खूप चालावं, पण बसावंसं वाटेल तेव्हा बसायला त्याची स्वतःची जागा असावी.

भाड्याबद्दल नीट वाचा. पार्काच्या दाराशी मिळतात त्या गाड्या कडक प्लास्टिकच्या असतात, पाठ मागे झुकत नाही, म्हणजे ईराच्या दुपारच्या झोपेला उपयोग नाही. मुख्य म्हणजे त्या फाटकाबाहेर नेता येत नाहीत. ज्या टप्प्याला गाडीची सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच तुम्हाला मुलं उचलून काढावा लागतो. बाहेरच्या कंपन्या चांगली जोडगाडी भाड्याने देतात आणि हॉटेलवर पोचवण्याची सोय करतात. मी तीच सुचवेन. घेताना माप विचारा. १ मे २०१९ पासून नियम असा आहे की गाडी ३१ इंचांपेक्षा रुंद किंवा ५२ इंचांपेक्षा लांब चालत नाही, आणि चार चाकांच्या वॅगन पूर्ण बंद आहेत, ओढायच्या असोत की ढकलायच्या. गेल्या वर्षी एक कुटुंब महागडी वॅगन घेऊन आलं होतं, ती दारावरूनच परत न्यावी लागली.

गाडी रांगेत नेता येत नाही. प्रत्येक राइडजवळ गाड्या लावायची जागा असते, आणि तिथले कर्मचारी त्या सतत हलवून ओळी नीट करत असतात. राइडवरून बाहेर आलात की तुमची गाडी ठेवलेल्या जागी नसणार. शंभर काळ्या-करड्या गाड्यांमध्ये आपली शोधायची असते, तेव्हा दांड्याला लांबून दिसेल असं काहीतरी बांधा. पासपोर्ट, पैसे, औषधं तिच्यात ठेवू नका. हॉटेलच्या बसमध्ये चढताना गाडी घडी करावी लागते, त्यामुळे घडी एका हाताने होते का ते आधी करून बघा. मोनोरेलमध्ये उघडीच ढकलत नेता येते.

ईराला तिकीट नाही, तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. 'सेव्हन ड्वार्फ्स' या राइडला ३८ इंच उंची लागते, अर्णव बहुधा बसेल, ईरा नाही. तिथे रायडर स्विच मागा. एकजण ईराजवळ थांबतो, दुसरा अर्णवला घेऊन जाऊन येतो, मग थांबलेल्याला ती लांब रांग पुन्हा लावावी लागत नाही.

शेवटची गोष्ट मनापासून. गर्दीत वाट काढायला गाडी पुढे घुसवू नका. पुढच्या माणसाच्या टाचेला चाक लागतं तेव्हा फार लागतं. एक हात अंतर ठेवायचं आणि घाई असेल तर तोंडाने वाट मागायची.

सुहास

प्रेषक: मेघना (बालरोगतज्ज्ञ)

दिलीपकाकांची काळजी योग्य आहे आणि सुहासदादांचं म्हणणंही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना गाडीत किंवा खुर्चीत सलग एका तासापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवू नये असं म्हटलंय. म्हणजे गाडी असावी, पण दिवसभर तिच्यात डांबू नये. दर थोड्या वेळाने उतरवा. मिरवणूक बघताना तर उतरवाच, कारण गाडीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर फक्त लोकांचे पाय असतात.

दोन धोके नेहमी दिसतात. ऊन लागू नये म्हणून आपण ओढणी किंवा दुपट्टा गाडीवरून पूर्ण टाकतो. आत हवा खेळत नाही आणि झपाट्याने गरम होतं. फेब्रुवारीत त्रास कमी, पण मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी हे अजिबात करू नये. छत पुढे ओढा, टोपी घाला, पाणी द्या. दुसरं, मागच्या दांड्याला जड पिशव्या अडकवू नका. मूल उतरलं की गाडी मागे उलटते, आणि दुसरं मूल आत असेल तर तेही सोबत पडतं. पट्टे प्रत्येक वेळी लावा, मूल झोपलेलं असलं तरी.

दूध पाजायला, कपडे बदलायला चारही पार्कांत बेबी केअर सेंटर आहेत. शांत आणि थंड असतात, आजींनाही तिथे घटकाभर बसता येईल.

प्रेषक: वैशाली यांच्या खात्यावरून, अर्णवचे आजोबा

सर्वांस सप्रेम नमस्कार.

सूनबाईने तुमची सगळी पत्रं मला वाचून दाखवली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. लहान लेकरांना गर्दीत नेणं आणि सगळी मोजून परत आणणं ही जबाबदारी नोकरीभर केली, म्हणून या विषयात मला मनापासून रस आहे.

नुकतेच आम्ही बहिरमच्या यात्रेला जाऊन आलो. जे अमरावतीकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. परतवाडा-बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी ही यात्रा भरते आणि महिनाभराहून जास्त चालते. वर टेकडीवर बहिरमबुवाचं देऊळ, खाली दुकानं, आकाशपाळणे, आणि जागोजागी गोवऱ्यांच्या आरात भाजत ठेवलेले रोडगे. कुणी वांग्याच्या भाजीसोबत खातं, कुणी हंडीतल्या मटणासोबत. धूळ आणि धूर इतका की लेकराचा हात सुटला तर पाच पावलांवर दिसेनासं होतं.

ईराची गाडी आम्ही नेली नाही, ती तिथे चालणारच नाही. पण घरी आल्यावर मी विचार केला की अर्णव तिथे चालला किती? गाडीतळापासून तो माझ्या खांद्यावर होता. मग त्याच्या काकाच्या. दुकानांमधून शेजारच्या घरच्या पोराने नेला, टेकडीच्या पायऱ्या त्याच्या मामाने चढवल्या. आम्ही रोडगे भाजायला बसलो तिथे सतरंजीवर आजीजवळ तो तासभर झोपला, आणि उठल्यावर पुन्हा पळायला लागला. त्याला कुणी आळशी म्हटलं नाही आणि तो थकलाही नाही, कारण आमच्याकडे यात्रेत लेकराला दहा खांदे मिळतात. तिकडे किती? माझा मुलगा, सून आणि मी. माझा उजवा गुडघा आता जिन्यालाही कुरकुरतो. हिने कितीही म्हटलं तरी चाळीस पौंडांचं, म्हणजे अठरा किलोचं लेकरू ती दिवसभर कडेवर घेऊ शकत नाही. हे मी तिला समजावून सांगितलं आणि तिला पटलं. आता ती म्हणते, "मंग गाडी मीच ढकलन."

दिलीपराव, लेकरं चालली पाहिजेत हे तुमचं म्हणणं मी शाळेत जन्मभर शिकवलं. पण जिथे बसायला धुरा नाही आणि घ्यायला माणूस नाही, तिथे बसायची सोय आपण सोबत न्यावी असं माझं मत झालं आहे.

सुहासरावांना दोन गोष्टी विचारतो. बहिरमला लेकरू हरवलं तर भोंग्यावरून पुकारा होतो. नाव सांगता येत नसेल तर सदऱ्याचा रंग सांगतात. म्हणून आम्ही लेकराच्या हातावर फोन नंबर लिहून नेतो. तिकडे काय पद्धत आहे? आणि ओळखीची खूण म्हणून पोळ्याला आमच्या बैलांना बांधतो तो लाल-पिवळा लोकरीचा गोंडा चालेल का? घरात नवे पडलेले आहेत.

आपला,
अर्णव-ईराचे आजोबा

प्रेषक: सुहास

आजोबा, नमस्कार. तुमचं पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

गोंडा उत्तम चालेल. दांड्याला घट्ट बांधा आणि चाकापर्यंत लोंबणार नाही एवढाच ठेवा. ईराच्या तोंडाला पोचणार नाही हेही बघा, त्या वयाची मुलं लोकर तोंडात घालतात.

हातावर नंबर लिहायची तुमची पद्धत तिथेही तशीच करा, फक्त नंबर अमेरिकेतला लिहा, वैशालीचा किंवा तुमच्या मुलाचा. आणि अर्णवला आधीच शिकवून ठेवा की चुकामूक झाली तर आपण शोधत फिरायचं नाही, छातीवर नावाचा बिल्ला लावलेल्या माणसाकडे जायचं. ते तिथले कर्मचारी. सकाळी आत शिरल्यावर असा एक बिल्ला त्याला दाखवूनच द्या. तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही सांगितलेलं त्याच्या लक्षात राहील.

आजींना गाडी ढकलू द्या, पण लुगड्याचा पदर खोचून. मागच्या चाकात पदर अडकला तर गाडी आणि माणूस दोन्ही थांबतात. आधारासाठी दांड्यावर भार टाकायचा नाही, गाडी पुढे पळते. तुमच्या गुडघ्यासाठी पार्कात चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. ती घ्यायला संकोच करू नका. अर्णवला जे लागू तेच तुम्हालाही लागू आहे.

प्रेषक: वैशाली

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं.

ईराची गाडी आमच्यासोबत परत येते, कारण नागपूर-मुंबई आणि पुढचा लांब प्रवास तिच्याशिवाय अवघड आहे. विमानाच्या दारात टॅग लावून देऊ. ती उतरताना दारात मिळेलच असं नाही, कधी कधी सामानाच्या पट्ट्यावर येते, म्हणून मधल्या वेळेसाठी कापडी झोळी जवळ ठेवतेय. ऑर्लँडोत शेजारी-शेजारी बसायची जोडगाडी भाड्याने घेऊ, ३१ इंचांच्या आतली आणि पाठ झुकणारी. कंपनीला मापाबद्दल आजच लिहिलं.

मामाजींनी अर्णवला बिल्ल्याचा धडा सुरू केलाय. जुन्या शाळेतला स्वतःचा बिल्ला काढून सदऱ्याला लावला आणि त्याला अंगणात शोधायला लावलं. दिलीपकाका, अर्णव रोज मळ्यापर्यंत चालत जातो आणि येताना तुरीच्या शेंगा खात चालतच येतो, हे तुम्हाला मुद्दाम कळवते.

एकच विनंती. जोडगाडीचं पावसाचं प्लास्टिक कव्हर भाड्यात येत नाही असं दिसतंय. न्यू जर्सीत कुणाकडे असेल तर कळवा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येऊन घेऊन जाईन आणि परतल्यावर धुवून आणून देईन.

वैशाली