पोलिसी तपास आणि भूत: कुठला भाग अजून डोक्यातून गेला नाही?

नळस्टॉपची
काल लेकीने हट्ट धरला म्हणून एक्स फाइल्स या अमेरिकन सिरियलच्या पहिल्या सीझनचा तिसरा भाग परत लावला, तोच तो टूम्सवाला, १९९३ चा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाल्टिमोरमध्ये खून होतायत, दारं खिडक्या आतून बंद आणि मेलेल्याचं यकृत गायब. १९०३, १९३३, १९६३ आणि आता १९९३. दर तीस वर्षांनी पाच खून आणि खुनी प्रत्येक वेळी तोच एक माणूस, टूम्स, अंग लांबवून धुराड्यातून आत शिरणारा. ती बोटं लांबतात तेव्हा लेकीने उशी तोंडावर घेतली.

मला मात्र या वेळी त्यातला ब्रिग्ज लागला. रिटायर झालेला म्हातारा पोलीस, वृद्धाश्रमात राहतोय आणि त्या जुन्या खुनांचे कागद, फोटो सगळं खोक्यात जपून ठेवलंय. कुणीतरी येऊन विचारेल म्हणून वाट बघत बसलेला. एफबीआयचे मल्डर आणि स्कली येतात आणि तो लगेच बोलायलाच लागतो. मला रडूच आलं.

कारण माझ्या आईचे मामा. आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणायचो. पोलिसात जमादार होते, नारायण पेठेत दोन खोल्या, कॉटखाली पत्र्याची ट्रंक आणि त्यात वह्या. एका बाईची केस होती, विहिरीत सापडली होती. सासरच्यांनी सांगितलं तिला बाहेरचं लागलं होतं, रात्री अंगात यायचं, पाणी काढायला म्हणून गेली आणि ओढली गेली. सगळ्या वाड्याने तेच सांगितलं आणि कागद बंद झाले. नाना म्हणायचे, अगं रहाटाचा दोर कोरडा होता आणि घागर घरात होती, भरलेली. बाई पाणी काढायला गेलीच कशाला? टीव्हीवर कुठलीही पोलिसांची सिरियल लागली की मधेच हे निघायचं. दूरदर्शनवर एक शून्य शून्य लागायची तेव्हापासून ऐकतेय मी, पुढे सीआयडी आली तरी तेच. मामी म्हणायची, पुरे आता, मुलं घाबरतात. आम्ही घाबरायचो नाही, आम्हाला त्या बाईचं वाईट वाटायचं.

टूम्सच्या भागात खरं उत्तर अचाट आहे म्हणून वरचे हसतात आणि त्याला सोडून देतात. नानांच्या केसमध्ये उत्तर साधंसुधं होतं आणि भुताच्या नावावर माणसं सुटली. दोन्हीकडे कागद जपणारा मात्र एकच आणि त्याला विचारायला कुणी जात नाही.

तुमचा कुठला भाग? कुठलीही सिरियल चालेल.

कुकरची शिट्टी
टूम्स!!! अगं तो स्कलीच्या बाथरूमच्या व्हेंटमधून येतो तो सीन, आम्ही तेव्हा कर्वेनगरला राहायचो आणि बाथरूमला एक्झॉस्टचं गोल भोक होतं, फॅन बसवलाच नव्हता, तर भावाने तिथे पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून टाकली आणि आई म्हणतेय अरे वाफ कुठून जाणार, पोपडे निघाले भिंतीचे पण पुठ्ठा काही काढू दिला नाही. तुझ्या नानांचं वाचून पोटात गलबललं गं. नंतर लिहिते सविस्तर, शिट्ट्या झाल्या.

तळकोकणातला
आमच्याकडे एकच उत्तर, रात्रीस खेळ चाले, पहिला भाग, २०१६. अण्णा गेलेत, मुलं एकेक करून वाड्यावर येतायत आणि तेव्हापासूनच घरात कायतरी बरोबर नाय. लोक म्हणतात भुताची सिरियल, मी म्हणतो ती जमिनीची आणि भावकीची सिरियल होती, खून माणसंच करतात तिथे. तेव्हा गावाकडून बराच विरोध पण झाला, कोकण म्हणजे नुसती भुतं असं दाखवतात म्हणून. मला ते पटलं होतं आणि तरी साडेदहा वाजता टीव्हीसमोर आम्ही सगळे. पुण्यात राहून मालवणी कानावर पडायची तेवढीच. पांडूचं "इसरलंय" तर आमच्या ऑफिसात अजून चालतं. आता त्या आकेरीच्या वाड्यावर लोक फोटो काढायला जातात, सावंतवाडीला गेलात तर रस्त्यातच आहे.

डेक्कनचा दीपस्तंभ
+१ टूम्स. त्याच सीझनमध्ये पुढे आणखी एका भागात तो परत येतो आणि सरकत्या जिन्याखाली घरटं. मॉलमध्ये बायको वर पोचते, मी अजून साध्या जिन्यावर.

विवेकवादी वाचक
मला सीआयडीचे भुताचे भाग आवडायचे, कारण हवेली, पांढरी साडी, पैंजण सगळं असायचं आणि शेवटी दया दार तोडायचा तर आत टेपरेकॉर्डर. माझ्या मुलीला मी मुद्दाम तेच दाखवले. नळस्टॉपची, तुमच्या नानांसारखी माणसं हवी होती खात्यात. "बाहेरचं लागलं" म्हटलं की प्रश्न विचारणं थांबतं, हेच तर डॉ. दाभोलकर वर्षानुवर्षं सांगत होते. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वरजवळच्या पुलावर त्यांना मारलं, मी त्या पुलावरून रोज जायचो. जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम मग काही दिवसांत निघाला, इतकी वर्षं अडकलेला. अजूनही त्या पुलावरून जाताना राग येतो.

पेठेतली पोर
खरंय काका. आमच्या आईने पण त्या दिवशी स्वयंपाक केला नव्हता.

इतिहासवेडी
सिरियल नाही पण राहवत नाही म्हणून. शनिवारवाड्याचं लोक फक्त "काका मला वाचवा" आणि अमावास्येच्या किंकाळ्या एवढंच सांगतात. मला त्यातला तपास आवडतो. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणरावांना मारलं, राघोबादादा गादीवर बसले आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून भर दरबारात त्यांनाच देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून गेले. राज्य करणाऱ्याच्या तोंडावर! कुणीतरी भुताला बाजूला ठेवून रामशास्त्र्यांच्या बाजूने सिरियल काढा, मी रोज बघेन.

तळकोकणातला
@इतिहासवेडी कास्टिंग कोण मग? रामशास्त्री म्हणून शिवाजी साटम?

इतिहासवेडी
चालेल की! "कुछ तो गडबड है" मोडी लिपीत.

रात्रपाळी
मी नर्स आहे, ड्युटी संपवून बसस्टॉपवर वाचतेय. आहटचे भाग बघायचो आम्ही सगळ्या बहिणी एका चादरीत, आता वॉर्डात रात्री तीनला कॉरिडॉरमधून चालत जाते आणि भुताचं काही वाटत नाही. जळालेली बाई येते आणि सोबतचे म्हणतात स्टोव्ह भडकला, तिला एकटीला विचारावं तर सासू हलत नाही पलंगापासून, तेव्हा वाटतं. नाना मला फार आवडले. बस आली.

नळस्टॉपची
@रात्रपाळी तुझं वाचून सुन्न झाले गं. नीट जा घरी.

जुने कागद
त्या वह्या आहेत का अजून? कुणाकडे? रद्दीत देऊ नका प्लीज. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट होतात. सुती कापडात गुंडाळा, कसर लागली असेल तर आधी ब्रशने झटकून घ्या, उन्हात थेट वाळवू नका, पानं ठिसूळ होतात. फोनवर पानन् पान फोटो काढा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद.

नळस्टॉपची
मामेभावाकडे आहेत, वारज्याला. त्याच्या लॉफ्टवर. रविवारी जातेच. त्या बाईचं नाव वहीत असणार, आम्हाला नानांनी कधी सांगितलं नव्हतं.

कुकरची शिट्टी
आले परत. मी येऊ का रविवारी? मोडी नाही येत पण पोलिसी मराठी येतं, वडील कोर्टात शिरस्तेदार होते.

नळस्टॉपची
ये ना! दुपारी जेवायलाच ये.

डेक्कनचा दीपस्तंभ
लेकीला पुढे दाखवणार असाल तर चौथ्या सीझनमधला होम नावाचा भाग वगळा, १९९६ ला दाखवला तेव्हा आधी सूचना टाकली होती आणि मग चॅनेलने बरीच वर्षं परत लावलाच नाही. त्याऐवजी तिसऱ्या सीझनमधला क्लाइड ब्रुकमनचा लावा, विमा विकणारा म्हातारा, कोण कसा मरणार ते त्याला दिसतं. पीटर बॉइलला एमी मिळालं त्यासाठी. तो बघून आम्ही दोघं कितीतरी वेळ बोलत बसलो होतो.